निर्गुडी : पानांचा अर्क

निर्गुडी (व्हायटेक्स निगुंडो, कुल : लॅमिएसी) हे सुजेवर बांधायच्या पाल्यासाठी महाराष्ट्रभर परिचित असलेले मोठे झुडूप आहे. पूर्वी त्याची गणना व्हर्बिनेसी कुलात होत असे. वेल्हे (आता राजगड) व भोर तालुक्यांच्या मावळपट्ट्यात ते ओढ्याकाठी आणि बांधांवर वाढते. उग्र वासामुळे गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला निर्गुडी सोयीची.

पान ३ किंवा ५ पर्णिकांचे, मधली सर्वांत लांब. वरून हिरवे, खालून पांढुरके व लवदार. फुले निळसर जांभळी. मुरगळलेल्या घोट्यावर, धरलेल्या गुडघ्यावर पाला तव्यावर गरम करून बांधतात. चरकसंहितेतील शोथहर गणात मात्र निर्गुडी नाही. ती कृमिघ्न गणात आहे.

पानांत कॅस्टिसिनसारखी फ्लॅव्होनॉइडे, अ‍ॅग्नुसाइड व निगुंडोसाइड ही ग्लुकोसाइडे आणि बाष्पनशील तेल असते. दाहशामक गुण तपासताना सागरी शेवाळापासून मिळणारे कॅरॅजीनन उंदराच्या पंजात टोचतात आणि काही तासांत चढणारी सूज मोजतात. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जून, ताज्या पानांचा पाण्यातील अर्क पोटात दिल्यावर उंदरांमध्ये सूज व वेदना कमी झाल्याचे दिसले. ऑक्सिडीकरणरोधक गुणासाठी डीपीपीएच चाचणी रूढ आहे : जांभळे द्रावण अर्काने पिवळट होते, आणि रंगाची ही घट ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. चाचणी स्वस्त व झटपट, म्हणून तिचे निष्कर्ष रग्गड. पण रंग चहाच्या अर्कानेही उडतो. परीक्षानळीतल्या या गुणावरून शरीरातील परिणाम ठरत नाही.

गावातला पाला आणि प्रयोगशाळेतला अर्क ही खरे तर दोन वेगळी औषधे. मेथॅनॉलमध्ये फ्लॅव्होनॉइडे चांगली उतरतात. उघड्या भांड्यातील काढ्यातून तेलाचा बराच भाग वाफेबरोबर जातो. तव्यावरच्या पाल्यात निव्वळ उबेचाही वाटा असतो. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खाती जमा करण्याची घाई जाहिरातींत फार दिसते.

जागा, ऋतू आणि पान कोवळे की जून, यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते. त्यामुळे अभ्यासात नमुन्याचे ठिकाण व महिना नोंदवून वनस्पतीची ओळख तज्ज्ञांकडून पक्की करून घ्यावी लागते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळाचे (स्थापना १९५५) वनस्पतिसंग्रहालय त्यासाठी उपयोगी पडते.