रूळ नवे, इंजिन जुने : अपग्रेडनंतर संगणक का रखडतो, याचा इतिहास

१/ वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानक. या मार्गावर पूर्वी मीटरगेज गाड्या धावत. दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटर. २००८ साली मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ते अंतर १६७६ मिलिमीटरवर गेले. रुळांबरोबर इंजिने आणि डबेही बदलावे लागले, कारण जुनी गाडी नव्या रुळांवर उभीच राहू शकत नव्हती.

२/ संगणकात ही विसंगती डोळ्यांना दिसत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम नवी येते, यंत्र जुनेच राहते आणि गाडी तरीही चालते, फक्त रखडत. ‘कालपर्यंत तर नीट चालत होता’ ही तक्रार म्हणूनच जुनी आहे. मात्र तिचे कारण प्रत्येक काळात निराळे होते.

३/ २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली. तिची किमान अट होती ४ एमबी रॅम. एवढ्या रॅममध्ये ती सुरू होई. पण दोन-तीन कामे एकत्र उघडली की रॅम अपुरी पडे आणि उरलेला भार हार्ड डिस्कवर जाई. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी लिहिले की, यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात, त्याहून अधिक गतीने सॉफ्टवेअर जड होत जाते.

४/ २००१ साली विंडोज एक्सपी आली. किमान अट ६४ एमबी. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे ‘एमएस-सीआयटी’च्या वर्गांतून असंख्य विद्यार्थ्यांनी प्रथमच माऊस हाती धरला. एक्सपीला कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ पर्यंत मिळाला.

५/ मधल्या काळात, जानेवारी २००७ मध्ये, व्हिस्टा बाजारात आली. या वेळी अडचण रॅमपुरती नव्हती. तिच्या पारदर्शक खिडक्यांना सक्षम ग्राफिक्स लागत. ‘व्हिस्टा कॅपेबल’ असे लेबल असलेल्या काही संगणकांवर तिचे केवळ प्राथमिक रूपच चाले. यावरून अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध खटलाही दाखल झाला.

६/ २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर विनामूल्य होती. आता अडसर ठरली फिरती हार्ड डिस्क. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. अपडेट, फायलींची अनुक्रमणी आणि विषाणू-तपासणी एकाच वेळी सुरू झाली की डिस्कपुढे कामांची रांग लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने ही रांग झपाट्याने ओसरते.

७/ या इतिहासातूनच निदानाचा क्रम मिळतो. अपग्रेडनंतर पडद्यामागची कामे उरकेपर्यंत एखादा दिवस थांबावे. मग टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांपैकी काय सतत शंभर टक्क्यांजवळ आहे, ते पाहावे. डिस्क असेल तर एसएसडी, रॅम असेल तर वाढीव रॅम. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत, डिस्कवर मोकळी जागा ठेवावी आणि ड्रायव्हर उत्पादकाकडूनच घ्यावेत.

८/ निदान चुकले तर नुकसान मोठे. गावात एकाच संगणकावर सातबारा, पीकविमा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. अंतिम मुदत कोणासाठी थांबत नाही. घाईने फॉरमॅट मारला की वर्षानुवर्षांची कागदपत्रे पुसली जातात. म्हणून कोणत्याही उपायाआधी फायलींची प्रत दुसरीकडे ठेवणे अगत्याचे.

९/ २०२१ च्या विंडोज ११ ने आणखी एक भेद आणला. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेला संगणक वेगवान असूनही तिच्या अटींत बसत नाही. आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र मंद असणे आणि यंत्र अपात्र ठरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर बहुधा एका सुट्या भागाचा उपाय असतो. तो न तपासता अख्खा संगणक भंगारात काढणे म्हणजे रूळ न मोजताच इंजिन मोडीत काढणे होय.