फेसिंग हिस्टरी अँड अवरसेल्व्ह्ज

ज्यूंच्या वंशसंहाराचे अध्यापन व पूर्वग्रहनिवारण यांचे प्रशिक्षण शिक्षकांना देणारी अमेरिकन शैक्षणिक संस्था. मॅसॅचूसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथील शिक्षक मार्गो स्टर्न स्ट्रॉम व विल्यम पार्सन्स यांनी १९७६ मध्ये तिचा पाया घातला. स्ट्रॉम यांचे बालपण वर्णविभक्त मेम्फिस शहरात गेले होते.

‘होलोकॉस्ट अँड ह्यूमन बिहेवियर’ हा संस्थेचा प्रमुख संदर्भग्रंथ. अभ्यासक्रमाची सुरुवात व्यक्तीची ओळख आणि ‘आपण–ते’ ही विभागणी यांपासून होते. त्यानंतर जर्मनीतील वायमार प्रजासत्ताकाचा (१९१९–३३) ऱ्हास, नाझी राजवटीचे ज्यूंविरुद्धचे न्यूरेंबर्ग कायदे (१९३५), नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचार आणि सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या हा क्रम अभ्यासला जातो. शेवटी न्यायनिवाडा, स्मृती व नागरी सहभाग यांची चर्चा होते. संहार अटळ नव्हता. असंख्य माणसांच्या लहानमोठ्या निर्णयांतून तो घडला, ही या मांडणीची मध्यवर्ती भूमिका आहे. म्हणून अत्याचारी व बळी यांच्याबरोबरच मूक साक्षीदार आणि प्रतिकार करणारे यांच्या वर्तनाचीही चिकित्सा केली जाते.

प्रशिक्षणात मूळ दस्तऐवज, संहारातून बचावलेल्यांच्या साक्षी, रोजनिशीलेखन व गटचर्चा यांचा वापर होतो. छळाच्या प्रसंगांचे वर्गात नाट्यीकरण मात्र टाळले जाते. त्याने विद्यार्थ्यांना मानसिक इजा होऊ शकते आणि इतिहासाचे गांभीर्यही उणावते.