सोबतीचा परवाना

चंदीगड नगराची आखणी झाली तेव्हा इंडस्ट्रियल एरिया शहराच्या आग्नेय टोकास, रेल्वेमार्गाच्या बाजूला ठेवण्यात आला आणि कारखाने व लोकांची घरे यांच्यामध्ये फळझाडांचा एक रुंद पट्टा लावण्यात आला. काम एका अंगाला, संसार दुसऱ्या अंगाला, अशी ती व्यवस्था. आज पुष्कळ कारखान्यांच्या जागी मॉल, हॉटेले व मोटारींची दालने उभी आहेत. पोटासाठी येथे येणाऱ्यांची वर्दळ मात्र तशीच आहे. प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून असून कामानिमित्त आठवड्यातून एखादी तरी फेरी त्याची या भागात होते.

अशाच एका फेरीत, येथील एका झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक तरुण जोडपे उभे होते. बायको कॅनडात पदविकेच्या शिक्षणासाठी निघालेली. नवरा घरची शेती करणारा. पंजाबात ही रीत आता रुळलेली आहे. मुलगी इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवते, तिच्या शिक्षणाचा खर्च सासर उचलते, आणि तिच्या आधारावर नवऱ्याला तेथे काम करण्याचा परवाना मिळतो, असा तो व्यवहार. पण कॅनडा सरकारने १९ मार्च २०२४ पासून ही सवलत पदव्युत्तर, डॉक्टरेटच्या व काही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांपुरती ठेवली, आणि २१ जानेवारी २०२५ पासून ती आणखी आवळली. या जोडप्याचा हिशेब तेथेच चुकला होता. माझ्या गळ्यातील सरकारी ओळखपत्र पाहून त्या नवऱ्याने विचारले, "बाबूजी, लग्नाच्या बायकोबरोबर राहून कष्ट करायला वेगळी परवानगी कशाला लागते?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र त्या प्रश्नाने मला बरेच मागे नेले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मराठी माणसास या प्रसंगी प्रथम आठवतात त्या आनंदीबाई जोशी. त्यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यातील कारकून, म्हणजे एका अर्थी आमचेच पूर्वसूरी. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जाता यावे आणि तेथे आपल्यालाही काही काम मिळावे, अशा आशयाचे पत्र त्यांनी १८७८ साली कोल्हापुरातून एका मिशनऱ्यास लिहिले होते. नोकरी मिळाली नाही. अखेर ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्याच निघाल्या; गोपाळराव मागाहून गेले, आणि मार्च १८८६ मध्ये पत्नीला डॉक्टरची पदवी मिळताना पाहावयास ते फिलाडेल्फियात होते. त्यांच्या वाटेत पैशाची अडचण होती, जातीची होती, लोकापवादाची होती, शिक्क्याची नव्हती. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना दार लावले होते खरे, पण हिंदी माणसाचा विचार त्या कायद्याने अद्याप केला नव्हता. शिकावयास गेलेल्या पत्नीमागून पती जातो, ही गोष्ट तेव्हा कोणत्याही सरकारच्या रकान्यात बसलेली नव्हती.

हे रकाने पुढील तीस वर्षांत आखले गेले, आणि त्यांतील पहिला प्रश्न होता, 'पत्नीने आत यावे की नाही?'

कॅनडाने १९०८ साली नियम केला, की मायदेशातून निघून वाटेत न थांबता सलग प्रवास करून येईल त्यानेच उतरावे. हिंदुस्थानातून असा सलग प्रवास करणे जवळजवळ अशक्य होते. व्हँकुव्हरच्या परिसरात लाकडाच्या गिरण्यांत राबणारे हजारो पंजाबी पुरुष त्यामुळे कुटुंबाविना राहिले. तेथील शीख समाजाचे पुढारी भागसिंग आणि गुरुद्वाराचे ग्रंथी बलवंतसिंग हे मायदेशी येऊन जानेवारी १९१२ मध्ये बायकामुलांसह परतले. पुरुषांना उतरू दिले. बायकांना परत पाठविण्याचा हुकूम झाला. मोठी ओरड झाल्यावर सरकारने त्या स्त्रियांस राहू दिले, पण ते केवळ कृपा म्हणून, आणि हा पायंडा समजू नये असे बजावून.

दक्षिण आफ्रिकेत याच सुमारास प्रश्न आणखी खोल गेला. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताचे न्यायमूर्ती सर्ल यांनी हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिला प्रवेश नाकारला. ज्या धर्मात बहुपत्नीत्वाची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्यास मान्य नाही, असे त्याचे कारण. एका निकालाने तेथील बहुसंख्य हिंदी बायका कायद्याच्या दृष्टीने बायकाच उरल्या नाहीत. कस्तुरबा गांधी सत्याग्रहात उतरल्या त्या यानंतर. सप्टेंबर १९१३ मध्ये त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगावी लागली. आदल्याच वर्षी आफ्रिकेचा दौरा करून आलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, प्रकृती ढासळली असतानाही, या लढ्यासाठी देशभर निधी गोळा केला. १९१४ च्या कायद्याने असे विवाह मान्य झाले, परंतु एका पुरुषामागे एकाच पत्नीपुरते. १९१८ साली साम्राज्य परिषदेत सत्येंद्र प्रसन्न सिंहांच्या प्रयत्नाने ठराव झाला, की वसाहतींत कायमचे राहणाऱ्या हिंदी माणसास आपली पत्नी व अल्पवयीन मुले आणता यावीत. कॅनडाने तो १९१९ मध्ये अंमलात आणला. एवढ्या खटपटीनंतर पत्नी आत आली ती 'अमक्याची पत्नी' म्हणून. ती कोण, तिला काय येते, हे कोणी विचारले नाही.

दुसरा प्रश्न अमेरिकेत उभा राहिला, 'ती कोणत्या देशाची?' सखाराम गणेश पंडित या आपल्या वळणाच्या नावाचे गृहस्थ लॉस एंजेलिसमध्ये वकिली करीत. १९१४ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की हिंदी माणूस 'गोरा' नसल्याने नागरिक होऊ शकत नाही. आणि पूर्वी दिलेली नागरिकत्वे सरकार काढून घेऊ लागले. थिंद यांची बाजू मांडणारे पंडितच आता स्वतः प्रतिवादी झाले. त्या काळच्या अमेरिकन कायद्याने स्त्रीचे नागरिकत्व तिच्या पतीच्या पात्रतेशी बांधलेले होते. आपले नागरिकत्व गेले तर कोणताही अपराध नसलेल्या पत्नीचेही नागरिकत्व व तिची जमीन जाईल, हे पंडितांनी न्यायालयापुढे ठेवले. एकदा रीतसर झालेला निकाल सरकारला पुन्हा उकरता येत नाही, या मुद्द्यावर १९२६ साली अपिलात ते जिंकले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर असे बाकीचे दावे सरकारला सोडून द्यावे लागले. एका वकिलाच्या चिकाटीने अनेकांची घरे राहिली. लिलियनबाई मात्र जन्माने अमेरिकन असूनही, स्वतःच्या देशात आपण राहणार की नाही हे पतीच्या खटल्यावरून ठरताना पाहत बसल्या होत्या.

तिसरा प्रश्न आपल्या पिढीचा, 'तिने काम करावे की नाही?' १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले. कायम वास्तव्याच्या परवान्यावर गेलेल्या डॉक्टर-इंजिनियरांच्या बायकांस तोच परवाना मिळे व त्यांना नोकरी करता येई. परंतु तात्पुरत्या कामगारांचा वर्ग वेगळा राहिला. १९७० च्या कायद्याने त्यांच्या पती-पत्नीस व मुलांस सोबत राहण्याची तरतूद झाली, काम करण्याची नव्हे. पुढे १९९० साली एच-१बी हा वर्ग आला आणि पुणे-मुंबईची संगणक शिकलेली मुले त्यावर जाऊ लागली. त्यांच्या जोडीदारांचा वर्ग एच-४. २००२ मध्ये एका कंपनीच्या परदेशी शाखेतून बदली होऊन येणाऱ्यांच्या, म्हणजे एल-१ वरील लोकांच्या, जोडीदारांस कामाची मुभा मिळाली. एच-४ ला मिळाली नाही. म्हणजे एकाच इमारतीत समोरासमोर राहणाऱ्या दोन मराठी घरांपैकी एकीतील बाई सकाळी डबा घेऊन कामावर जाई, आणि तेवढेच शिकलेली दुसरी खिडकीतून तिला पाही. फरक फक्त नवऱ्यांच्या कागदावरील अक्षराचा.

माझी थोरली बहीण या दुसऱ्या घरातली. पुण्यात चार वर्षे नोकरी केलेली संगणक अभियंता; २०१० मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीस गेली. सुरुवातीस फोनवर ती बर्फाचे, दुकानांचे वर्णन करी. पुढे वर्णने आटली. एकदा म्हणाली, "अरे, इथल्या एकाही कागदावर मला कुणी विचारलं नाही की तुला काय येतं. सगळीकडे एकच, तू कुणाची." तिला दुःख नोकरीचे होते त्याहून स्वतःच्या पैशाने आईला लुगडे न पाठवता येण्याचे अधिक होते. भारतीयांना कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत राहावे लागते, कारण कोणत्याही एका देशास एकूण परवान्यांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा देत नाहीत. म्हणून २६ मे २०१५ पासून, ज्या एच-१बी धारकांचे अर्ज त्या रांगेत ठराविक टप्प्यापर्यंत पोचले आहेत त्यांच्या जोडीदारांस कामाचे कार्ड देण्याचा नियम झाला. ताईला ते मिळाले. त्या दिवशी तिने आम्हांस पेढे वाटावयास सांगितले. पदवी मिळाली तेव्हाही आमच्या घरी इतके पेढे वाटले गेले नव्हते.

स्थानिक कामगारांनी हा नियम न्यायालयात आव्हानित केला. आपली नोकरी परक्याने घेतली असे ज्यास वाटते त्याचे दुःख खोटे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम उचलून धरला व ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. तरीही हा कायदेमंडळाने दिलेला हक्क नव्हे, खात्याने केलेला नियम आहे. त्याची मुळे किती उथळ आहेत हे फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसले. कॅन्सस राज्यातील ओलाथे गावी श्रीनिवास कुचिभोतला या अभियंत्याची वंशद्वेषातून गोळी घालून हत्या झाली. आणि पतीबरोबर त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला यांचा त्या देशात राहण्याचा आधारही गेला. एका लोकप्रतिनिधीने मध्ये पडून त्यांना तात्पुरती परवानगी मिळवून दिली. १९१२ साली व्हँकुव्हरच्या धक्क्यावर जी कृपा झाली, तीच ही कृपा.

इतिहास पुढेच जातो असेही नाही. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदारास कामाची मोकळीक आहे. पण ११ मार्च २०२४ पासून रुग्ण-वृद्धांची शुश्रूषा करावयास नव्याने येणाऱ्यांना जोडीदार आणण्यासच बंदी झाली. म्हणजे तिसऱ्या प्रश्नावर भांडता भांडता काहींच्या नशिबी पुन्हा पहिला प्रश्न आला.

आमच्या कचेरीत बदल्यांच्या अर्जांच्या फाइली माझ्या टेबलावरून जातात. पती-पत्नी दोघेही सरकारी नोकर असतील तर शक्यतो त्यांना एकाच ठिकाणी नेमावे, असे धोरण १९८६ पासून आहे व ३० सप्टेंबर २००९ च्या परिपत्रकाने ते दृढ केले आहे. तेही सदैव पाळले जाते असे नाही. परंतु त्या अर्जात एक गोष्ट आहे, जी परदेशांच्या अर्जांत मला आढळली नाही. त्यात दोघांची नावे, दोघांची पदे, दोघांच्या सेवेची वर्षे लिहावी लागतात. कोणी कोणाचा आश्रित म्हणून नोंदला जात नाही.

त्या झेरॉक्सच्या दुकानातील तरुणास आज भेटलो तर एवढेच सांगेन, की परवानगी लागते, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुषाच्या कामापुरता माणूस हवा असे देशांनी ठरविले आणि त्याचा संसार कुंपणापलीकडे ठेवला. तेव्हा कुंपणापाशी बायका उभ्या होत्या. आज तू उभा आहेस. तुझी बायको गेली असेल, तर तिच्या अर्जाच्या प्रती नीट जपून ठेव. पूर्वीच्यांनी जे मिळविले, ते असेच कागद घेऊन पुन्हा पुन्हा दारे ठोठावून मिळविले.