मिरजेची वाट आणि मणक्यातली सुई

बेळगावातून खानापूरच्या रस्त्याला लागलं की उद्यमबाग मागे पडते आणि पिरनवाडी येते. आज इथल्या सत्तरीच्या आजीच्या पाठीच्या फोटोत मणक्यावर डाग दिसला, तर बेळगावातच सीटी, एमआरआय होतं आणि तुकडा काढून तपासायलाही जातो. दोन-तीन पिढ्यांमागे मोठं दुखणं म्हटलं की निपाणीपासून खानापुरापर्यंत मिरजेचं नाव निघे.

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशनचा दवाखाना उघडला. कॅनडात जन्मलेला हा सर्जन १८८९मध्ये हिंदुस्थानात आला होता. बेळगाव आणि मिरज रेल्वेने जोडलेलेच होते, त्यामुळे रुग्णाला गाडीत घालून नेता येई. पण चाकूची धास्ती होतीच. दवाखान्यात गेलेला माणूस परत येईल का, हा प्रश्न उंबऱ्यातच घेरायचा.

ही धास्ती कोणी एकट्याने सोसत नसे. घरचं माणूस सोबत जाई, पेज शिजवी, उशाशी बसून रात्र काढी. निघण्याआधी ग्रामदेवतेला कौल लावला जाई. मिरजेत पोचल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यापुढे हिंदूही हात जोडत. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ या दर्ग्याच्या कृपेने प्लेगातून वाचले, ही कथा तिथे आजही सांगतात. नवसाने गाठ विरत नसे. वाट पाहण्याच्या दिवसांत जिवाला आधार मात्र मिळे, आणि तो खरा होता.

मणक्याचं दुखणं तर फारच अवघड. पाठीच्या क्षयाचं वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९मध्ये केलं, पण त्यावर औषध यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. तोवर मुख्य उपाय हाच: रुग्णाला महिनोन् महिने प्लास्टरमध्ये निजवून ठेवायचं. १९४३मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, आणि १९७०च्या दशकात वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी दाखवून दिलं की बहुतेकांना औषधं पुरतात, ऑपरेशन थोड्यांनाच लागतं.

मात्र औषध कोणतं द्यायचं, हे फोटो सांगत नाही. क्षय, हाडांची झीज, मज्जेचा कॅन्सर, दुसरीकडून मणक्यात उतरलेली गाठ, हे फोटोत कधीकधी सारखेच दिसतात. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच निदान करायची शिस्त आपल्याकडे रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी. १९४१मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल उघडलं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. मणक्यात सुई घालून नमुना काढायची पद्धत रॉबर्टसन आणि बॉल यांनी १९३५मध्ये मांडली होती. पुढे सीटी आलं आणि सुईचं टोक पडद्यावर पाहत नेता येऊ लागलं.

१९५६मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, मिरज पलीकडे राहिली. १९६२मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, १९६३मध्ये बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज. प्रवास आखूड झाला, वाट पाहणं उरलं. पेशींच्या अहवालाला काही दिवस लागतात, क्षयाच्या कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत. जुन्या माणसाचं काळीज पोखरतात ते हेच दिवस.

आणि इथेच घरोघरी एक चुकीची रीत पडली आहे: म्हाताऱ्या माणसाला काही सांगायचं नाही. कॅन्सर हा शब्द दाराबाहेर कुजबुजला जातो, आणि कॉटवरच्या माणसाला तो ऐकू येतोच. त्यात संमतीपत्र कानडीत किंवा इंग्रजीत असलं, तर ज्याच्या पाठीत सुई जायची तोच सगळ्यांत अडाणी ठरतो.

म्हणून सीमाभागातल्या लेकी-सुनांनो, मुलांनो, जुन्या मिरजेच्या वाटेवरची सोबत सोडू नका. लपवाछपवी तेवढी सोडा. आजी-आजोबांना आपल्या मराठीत सांगा की पालथं झोपायचं असतं, बहुधा जागा बधिर करून सुई घालतात, दाब जाणवतो, काम साधारण तासाभरात आटोपतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. मणक्याचा क्षय निघाला तर तो बहुतेकांचा औषधांनी बरा होतो, हेही सांगा. दुसरं काही निघालं, तर ते ऐकताना त्यांचा हात हातात असू द्या.