सोहळ्याआधीचे रायगड

शिवराज्याभिषेक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सिंहासन, छत्र आणि चौघडा उभा राहतो. मला मात्र त्या दिवसापेक्षा त्याच्या आधीचे दिवस अधिक बोलके वाटतात. घरच्या मुंजीची यादी करताना ज्यांची झोप उडाली आहे, त्या वाचकांना माझे म्हणणे पटेल!

पहिली तयारी होती ती अधिकाराची. राज्य हाती होते, पण शास्त्राने मानलेला राजा होण्यास मुंज हवी, आणि महाराजांची मुंज झालेली नव्हती. हा आक्षेप भर मंडपात निघाला असता तर? मूळ पैठणच्या घराण्यातले काशीचे पंडित गागाभट्ट यांनी ही गाठ आधीच सोडविली. २९ मे १६७४ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, महाराजांची मुंज झाली. पाठोपाठ राण्यांशी समंत्रक विवाहही झाले. मग ६ जून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा मुहूर्त!

दुसरी तयारी राज्याची. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरनोबत प्रतापराव गुजर नेसरीला पडले होते. सेनापतीची जागा रिती ठेवून सिंहासनावर कसे बसावे? हंबीरराव मोहिते त्या पदावर आले. अष्टप्रधानांत पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव. केवळ मिरवणूक काढावयाची असती, तर एवढी उठाठेव कशाला हवी होती?

तिसरी तयारी जागेची. हिरोजी इंदुलकरांनी डोंगरमाथ्यावर वाडे, तळी उभी केली. जगदीश्वराच्या पायरीवर त्यांचे नाव आजही वाचता येते. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला तेव्हा महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेलेले. त्याला पाचाडास थांबावे लागले. दारी वकील आला म्हणून देवीचे दर्शन राहिले नाही. पुढे समारंभात गडावर हत्ती पाहून, त्या अवघड वाटेने ते वर चढलेच कसे, याचा त्याने अचंबा केला आहे. पिले असतानाच आणून ते वर वाढविले, असे सांगतात. तसे असेल, तर ती तयारी काही वर्षांची म्हणावयाची!

एवढे करूनही सारे सुटले का? नाही. निश्चलपुरी गोसाव्यांनी विधीत उणिवा काढल्या. महाराजांनी त्यांना झिडकारले नाही. २४ सप्टेंबर १६७४ रोजी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक करवून घेतला. राहिलेली उणीव मोकळ्या मनाने भरून काढणे, हाही मला पूर्वतयारीचाच स्वभाव वाटतो.

आणि एक गोष्ट कोणत्याही यादीत लिहिता येत नाही. ६ जूनला जिजाऊसाहेबांनी आपला पुत्र छत्रपती झालेला पाहिला. अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडात त्यांनी देह ठेवला. एखादा आक्षेप अनुत्तरित राहून मुहूर्त पुढे गेला असता, तर ते डोळे मिटून गेले असते. त्या महिन्यांतल्या खटपटीचे मोल मी सुवर्णतुलेत करीत नाही. एका मातेला वेळेवर मिळालेले ते दर्शन, हेच तिचे मोल!