वृक्क कर्करोग, जनुकसंयोगजन्य

दोन भिन्न जनुकांचे (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणाऱ्या गुणसूत्रावरील घटकांचे) तुकडे परस्परांस जोडले जाऊन उद्भवणारे मूत्रपिंडाचे विरळा कर्करोग. लहान मुले व तरुण यांच्या वृक्कपेशी-कर्करोगांत त्यांचे प्रमाण प्रौढांपेक्षा बरेच अधिक असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते नेहमीच्या स्वच्छपेशी किंवा अंकुरकी प्रकारांसारखे दिसत असल्याने त्यांचे वेगळेपण दीर्घकाळ ध्यानात आले नाही.

१९८० च्या दशकात काही अर्बुदांत एक्स व १ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल आढळली. तीत पीआरसीसी व टीएफई-३ ही जनुके जोडली जातात, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. टीएफईबी जनुकाचा असाच संयोग २००३ मध्ये उलगडला. त्याच वर्षी टीएफई-३ प्रथिन पेशीकेंद्रकात दाखविणारी प्रतिपिंड-परीक्षा वर्णिली गेली. परंतु ऊतक नीट टिकविलेले नसल्यास ती फसवी ठरते. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंना भिन्न रंगांचे अनुस्फुरक खूणघटक जोडतात. जनुक तुटले असल्यास एरवी शेजारी असणारे रंग विलग दिसतात. मात्र आरबीएम-१० हे जोडीदार जनुक एक्स गुणसूत्रावरच टीएफई-३ च्या निकट असल्याने त्या संयोगात रंग जेमतेम दुरावतात व निष्कर्ष चुकून नकारार्थी येऊ शकतो. अशा वेळी आरएनए-क्रमनिर्धारण उपयोगी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात टीएफई-३ प्रकारास २००४ मध्ये स्थान मिळाले. २०२२ मध्ये टीएफई-३ व टीएफईबी हे प्रकार स्वतंत्र मानले गेले. तरुण रुग्णाच्या अर्बुदास केवळ रूपावरून नाव दिल्यास रोगाच्या वाटचालीचा अंदाज व उपचारांची निवड दोन्ही चुकण्याचा संभव असतो.