घंटा खोटी वाजली तर?

मी किल्लारीचा. आमच्याकडे १९९२ मध्येच धक्के जाणवले होते. आजी सांगते, "आधी अंगणात झोपायचो, मग सवय झाली." ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. दगड-मातीची घरं कोसळली, हजारो माणसं गेली.

आता कुबरनेटीजचा इतिहास ऐका. कंटेनरच्या आत कमांड चालवून तब्येत तपासणाऱ्या 'एक्झेक प्रोब'ची वेळमर्यादा आधी पाळलीच जात नव्हती. डिसेंबर २०२० च्या १.२० आवृत्तीपासून ती पाळली जाऊ लागली. आकडा दिला नसेल, तर फक्त १ सेकंद! अपग्रेडनंतर आमचे धडधाकट कंटेनरही नापास होऊन रीस्टार्ट होत राहिले.

सहकारी म्हणाला, "तपासणीच काढून टाक." मी वेळ मोजली, मर्यादा ५ सेकंद केली. घंटा दुरुस्त करायची; काढायची नाही.